दुसऱ्या मजल्यावरचं पाळणाघर

ही गोष्ट २०१३ सालची. माझी धाकटी नणंद ठकी तेव्हा घरातच पाळणाघर चालवायची. बैठं, कौलारू घर आणि पुढे अंगण. एका दुपारी तीन वर्षांचा एक पोरगा तिथून निसटला आणि कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे सापडला, बटणांच्या डब्यात हात घालून मजेत बसलेला. पण दुसऱ्या दिवशी तीन वर्तमानपत्रांनी नेटवर बातमी टाकली. आयांनी मुलं पाठवणं बंद केलं आणि परवाना रद्द का करू नये ते सांगायला ठकीला शुक्रवारी सरकारी कार्यालयात बोलावणं आलं.

मी जन्मभर ग्रंथालयाच्या कात्रण विभागात काम केलेलं. एकाच घटनेची बातमी सगळ्या पेपरांतून कापून मोठ्या कागदावर शेजारीशेजारी डकवायची, हे आमचं काम. संगणकाच्या पडद्यावर मात्र एक पान उघडलं की दुसरं झाकलं जायचं. मला ते जमेना. म्हणून लेकीकडून तिन्ही बातम्या छापून घेतल्या आणि टेबलावर मांडल्या.

एकाचा मथळा 'संचालिकेची बेपर्वाई', दुसऱ्याचा 'चिमुकला बेपत्ता', तिसऱ्याने तर भलत्याच रडक्या मुलाचा फोटो लावलेला. खाली मात्र तिघांचं वाक्य अगदी एकच: 'दुसऱ्या मजल्यावरील पाळणाघरातून बेपर्वाईमुळे बालक निसटले.'

"ठके, हे वाच."

डोळे पुसत वाचता वाचता ती थबकली. "अगं वहिनी, यांनी मला वर मजला चढवून दिला! तोही फुकटात!"

"म्हणजे एकही जण तुझ्या दारात आलेला नाही. एकाने ऐकीव लिहिलं, दोघांनी उचललं."

"पण मोठ्यांच्या नादी कोण लागणार?"

"आपण. चपला घाल."

बातम्यांवरची वेळ पाहता ती पहिल्यांदा टाकणारा पेपर जवळचाच होता. तिथल्या उपसंपादकाने कागद पाहिले, खटखट टाईप केलं आणि म्हणाला, "झालं आजी, मजला काढला."

"आणि बेपर्वाई?"

"ती सूत्रांनी सांगितलीय."

"मजलाही त्यांनीच सांगितला ना?"

तो चुळबुळला. "नेटवरची बातमी बदलत असते हो."

"मग बदला की. तोवर मी बसते इथे."

ठकी माझा पदर ओढत होती. "वहिनी, लोक बघतायत!"

"बघू देत. आपण काय चोरी केलीय?"

शेवटी आम्हाला कटवायला त्याने एका बातमीदार मुलीला आमच्याबरोबर धाडलं. ठकीच्या घरी आम्ही तिला अंगण दाखवलं. नळाच्या कामासाठी मजुरांनी कुंपणाची भिंत फोडली होती आणि तिथे नुसती एक फळी टेकवली होती. मजूर ये-जा करताना ती सरकवून तशीच सोडायचे आणि पोरगा तिथूनच बाहेर पडला, हे शेजारणीने सांगितलं. मुलीने फोटो काढले. ठकी म्हणाली, "तेव्हा मी आत दुसऱ्या बाळाला झोपवत होते, तेही लिही हं. लपवायचं कशाला?"

मुलीने सगळं लिहिलं. बातमी गुरुवारी आली. शुक्रवारी साहेबांनी भिंत ताबडतोब बांधायला लावली आणि परवाना कायम ठेवला. उरलेल्या दोघांना मी पुष्कळ फोन केले. एकाने बातमी गुपचूप काढून टाकली. दुसऱ्याने शेवटपर्यंत दाद दिली नाही. तो पेपर पुढे बंद पडला.

उपसंपादक निवृत्त झाला. बाजारात भेटला की माझी पिशवी धरतो. बातमीदार मुलगी आता मोठ्या पेपरात संपादक आहे. तो पोरगा आईपेक्षा उंच झालाय. ठकी गेल्या वर्षी गेली. पाळणाघर तिची सून चालवते, आणि जागा मिळायला लोक आधी नाव नोंदवून ठेवतात.