वादीतली चटई

"गाडी वर घ्या!" मी काच ठोठावून ओरडते. वादी म्हणजे इथली कोरडी नदी. वरची जुनी दगडी घरं बघायला आलेली माणसं सावली बघून पात्रातच चटई पसरतात आणि मला वेडी समजतात. "बाई, आभाळ कोरडं आहे!"

आभाळाचं काय घेऊन बसलात? पाऊस डोंगरात पडतो, पाणी इथे येतं!

तीन वर्षांपूर्वी आम्हीही इथेच जेवत होतो. माझ्या नवऱ्याचं, हारूनचं, सहम गावात दुकान होतं; शेजारच्या ओमानी म्हाताऱ्याने त्याला बजावलं होतं, डोंगरावर ढग दिसला की वादीत थांबायचं नाही. हारूनने ढग पाहिला आणि किल्ली उचलली.

पण आम्ही रत्नागिरीची माणसं. आमच्याकडे पूर येतो तो दोन दिवस डोक्यावर पाऊस कोसळल्यावर. मी हसले. "एक थेंब नाही आणि पुराला घाबरता? आधी जेवून घ्या."

त्याने किल्ली खाली ठेवली. मी त्याला आणखी भात वाढला आणि हात धुवायला काठावरच्या पाण्याच्या पाटावर गेले.

वळले तेव्हा चटईही नव्हती.