सगुणाबाईच्या तीन हाका

"यंदाची नाचनी पन माकडांनी खाल्ली, तर घराला कुलूप! सरळ मुंबयला, सवराजकडं!" नवऱ्यानं, भिकूनं सकाळीच जाहीर केलं आणि सगुणाबाईची भाकरी तव्यावर करपली. सवराजच्या, लेकाच्या मुंबईतल्या खोलीत चार दिवस काढले तरी तिचा जीव गुदमरायचा.

पण तिची महाडची भाची अक्षदा रजेवर आली होती. पोरगी औद्योगिक वसाहतीत यंत्रं दुरुस्त करते. तिनं आवाज साठवणारी नखाएवढी चिप काढली, मध्ये एक ट्रान्झिस्टर घालून जुन्या रेडिओचा स्पीकर जोडला आणि सगळं तेलाच्या रिकाम्या डब्यात बसवलं.

"मावशी, हाक मार. पण दोनच सेकंद हं, जास्त आवाज यात मावत नाही."

"दोन शेकंदात माकडांना शिव्या तरी किती घालू गो?" म्हणत सगुणाबाईनं घसा ताणून एकच हाक ठोकली, "होऽऽय!"

डबा नाचणीच्या बांधावर ठेवला; थोड्या थोड्या वेळानं तो आपोआप हाक मारायचा. दोन दिवस माकडं पळाली. तिसऱ्या दिवशी एक हुप्प्या डब्यावरच बसून उवा काढायला लागला. अक्षदा इरेला पेटली. तिनं तीच हाक लागोपाठ तीनदा वाजेल असं केलं. आता, डोंगरावरच्या या वाडीत लागोपाठ तीन हाका म्हणजे कुणीतरी पडलं नाहीतर बिबट्या आला. हातातलं टाकून धावायचं. हे तिला कोण सांगणार? सांगायची गोष्ट आहे का ही!

सकाळी डबा सगुणाबाईच्या आवाजात तीनदा गरजला. शेजारचा भागोजी अर्धी दाढी करून धावला, त्याच्यामागं आवडी पळी घेऊन ओरडत, मागं कुत्री.

"सगुना पडली कड्यावरनं!"

भिकू तर अनवाणीच. "सगुने, थांब गो, मी आलो! नाय जात मुंबयला!"

गोठ्यातून सगुणाबाईही कोयता घेऊन निघाली. "कोन पडली गो आवडे?"

"सगुनाबाय!"

"अरे देवा! कवा?" म्हणत ती आणखी दहा पावलं धावली, मग थबकली.

चाळीस माणसं काठ्या घेऊन बांधावर चढलेली पाहून माकडांनी जी धूम ठोकली, ती थेट दरीत. भिकू मात्र डब्यासमोर बसून रडत होता. सगुणाबाईनं खांद्यावर हात ठेवला तसा तो दचकला, तिचा हात घट्ट धरला, आणि अख्खी वाडी पोट धरून हसली.

मग वाडीनं बजावलं, तीन हाका परत नाहीत. डबा पुन्हा एका हाकेवर आला. पण आता ती एक वाजली, की माकडं आधी वाडीच्या वाटेकडं बघायची आणि पसार व्हायची.

नाचणी भरून घरात आली. भिकूनं मुंबईला फोन लावला.

"सवराज, आमी नाय येत. तूच ये, भाकर खायला."