सक्तीचा तास

"मॅडम, राग मानू नका, पण हे शिकून आमचं काय होणार?"

संगणकशास्त्राची वेदिका बाकाजवळ उभी होती. रेहाना पांडवलेण्यांतल्या एका शिलालेखाबद्दल सांगत होती. विज्ञानाच्या मुलांनाही बाहेरचा एक विषय सक्तीचा, म्हणून इतिहासाचा हा वर्ग भरत असे. रेहाना तासिका तत्त्वावर शिकवायची. वर्ग असेल तर काम.

"आपण राहतो ते गाव कळेल," ती म्हणाली.

"मी नामपूरहून कोडिंग शिकायला आले, मॅडम. इथली पोरं शाळेपासून शिकलेली. मी लय मागं हाय. हा तास लॅबमधे मिळाला असता तर..."

कुणी हसलं नाही. रेहानालाही रागावता येईना. मालेगावात अब्बांशी भांडून तिने गणित सोडलं होतं, ते इतिहासाशिवाय दुसरं काही नको म्हणूनच.

महिन्याभराने प्राचार्यांनी बैठक घेतली. बाहेरचा विषय घ्यायचा की आपल्याच विषयाचा जादा तास, हे यापुढे मुलांवर सोपवावं, असा विचार होता.

"रेहाना मॅडम, तुमचं मत?"

बाकीचे आपापल्या चहाकडे बघू लागले. काय बोलणं आपल्या सोयीचं, हे तिला ठाऊक होतं.

"ज्यांना नको आहे, त्यांना बसवून ठेवू नये, सर."

निम्मी मुलं तरी इतिहासाला राहतील, असं तिला वाटलं होतं. उरली मोजकीच. प्राचार्यांनी तिला केबिनमध्ये बोलावलं.

"एवढ्यांसाठी वर्ग नाही चालवता येत हो. माझ्या हातात असतं तर..."

"कळतं, सर."

नवं सत्र सुरू झालं त्या दिवशी ती स्टाफरूममधली आपली पुस्तकं न्यायला आली. ती घेऊन निघाली, तर जिन्यात मैनाने गाठलं. मैना पेठ तालुक्यातली, भौतिकशास्त्राची. वर्गात कधी तोंड न उघडणारी.

"मॅडम, मी इतिहासच मागितला होता. ऑफिसात म्हणत्यात, तो नाय, दुसरं काहीतरी घे."

"हो. वर्ग बंद झाला."

"पण आता ज्याला जे पाहिजे ते घ्या म्हणले ना?"

"म्हणाले."

"मग मला का नाय?"

रेहानाने पुस्तकं या हातातून त्या हातात घेतली. मैना हळूच म्हणाली, "तुम्ही कुठं शिकवणार आता?"

"बघू. ठरलं नाही."

खाली जाताना तिचा जुना वर्ग लागला. आत कोडिंगचा जादा तास चालू होता. वेदिका पहिल्या बाकावर होती, पुढे झुकून, ओठ आवळून सरांचा शब्द न् शब्द लिहून घेत होती. इतकी रमलेली ती रेहानाने कधी पाहिली नव्हती.

व्हरांड्यात मुलांचा गलका चालला होता. आत ऐकू यायला त्रास होत असावा.

रेहानाने पुस्तकं छातीशी धरली आणि मोकळ्या हाताने, आवाज न करता, दार ओढून घेतलं.