दोन विहिरींतली पांढरी माती

गुरुमूर्ती विहिरीत गाडला गेला त्याला पाच वर्षं झाली होती, पण त्याच्या घरात त्या विहिरीचं नाव कुणी काढत नसे. कोळ्ळिडम नदीपलीकडं, अरियलूरच्या मुलखात तो विहिरी खणणाऱ्या एका ठेकेदाराकडं ओव्हरसियर होता. पहिली विहीर नीट झाली. दुसरीची बाजू ढासळली आणि तो व त्याच्याबरोबर उतरलेला खणकरी रंगा, दोघेही आत राहिले.

रंगाची बायको अलमेलू पहिल्या दिवसापासून एकच सांगत होती : ओव्हरसियरसामींनी विहिरीला आतून वीट बांधली असती तर दोघं वाचले असते. चौकशीला तहसीलदार आला, तेव्हा गुरुमूर्तीचा धाकटा भाऊ सेतुराम तिच्या तोंडावर म्हणाला होता, "अशी दगलबाज माती माझ्या अण्णानं आधी कधी पाहिलीच नव्हती. दैवाला कोण काय करणार?" मद्रासहून भूगर्भशास्त्र शिकून आलेला माणूस बोलतोय म्हटल्यावर अलमेलूचं कोण ऐकणार!

आता त्याच मुलखात तिसरी विहीर खणायची ठरली आणि जमीन तपासण्याचं काम सेतुरामकडंच आलं.

तो आधी दुसऱ्या विहिरीवर गेला. ढासळलेल्या बाजूला वीतभर जाडीचा पांढुरका थर होता. बोटांवर घेतला तर साबणासारखा बुळबुळीत, पाणी लागलं की फुगणारा. त्यानं ती माती वाटीत पुन्हा पुन्हा धुतली. तळाशी बारीक कण उरले. धारदार कडांचे, आणि त्यांत काळ्या अभ्रकाचे चकचकीत षट्कोनी तुकडे. नदीनं वाहून आणलेले कण घासून गोल होतात. हे कण वाहत आले नव्हते, वरून पडले होते. हा सारा मुलूख समुद्राखाली होता तेव्हा कुठल्याशा ज्वालामुखीची राख इथं पडली होती आणि तिची ही माती झाली होती.

सेतुरामच्या मनात आशा आली. पहिली विहीर कित्येक मैल दूर, तिथला खडकही वेगळा. तिथली माती साधी गाळाची निघाली, तर अण्णाला ही राख ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं.

पहिल्या विहिरीत तो दोर धरून उतरला. मध्येच एका पट्ट्यात वीट बांधलेली दिसली. बाकी सगळीकडं उघडा खडक. त्यानं एक वीट हलवून काढली. मागं तोच पांढुरका थर.

घरी येऊन त्यानं दोन्ही विहिरींतल्या मातीचे कण सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी शेजारी ठेवले. अभ्रक तेच. गुलाबी सुयांसारखे स्फटिक तेच. थराखालून काढून आणलेले शाळिग्रामासारखे वेटोळे शंखही दोन्हीकडं एकाच जातीचे. गाळ गावोगाव वेगळा बसतो. राख मात्र सगळीकडं एकाच वेळी पडते. कोट्यवधी वर्षांपूर्वीची ती एकच राख होती, त्याबद्दल शंकेला जागा उरली नाही.

भावजय कामाक्षी तांदूळ निवडत होती. सेतुराम तिच्यासमोर बसला.

"वैनी, दोन्ही विहिरींतली माती एकच. पहिल्या विहिरीत अण्णानं ती ओळखली होती. तेवढ्याच पट्ट्याला वीट लावली होती."

कामाक्षीचा हात सुपात थांबला. "म्हणजे ती बाई खोटं बोलत नव्हती?"

"नाही."

"मग दुसरीला वीट कां लावली नाही त्यांनी?"

"ते आता कोण सांगणार, वैनी?"

कामाक्षी सूप बाजूला सारून म्हणाली, "जे तिच्या तोंडावर बोललास, ते तिच्या तोंडावरच मागं घ्यायला हवं. मीही येतें."

"लोक अण्णाला नावं ठेवतील."

"ठेवू देत. पाच वर्षं तिला ठेवलीच ना?"

दोघं रेल्वेनं अलमेलूच्या गावी, सुंदरपेरुमाळ कोयिलला गेली. अलमेलू झोपडीपुढं भात वाळवत होती. सेतुरामनं उभ्या उभ्याच तमिळमध्ये सगळं सांगितलं.

"राखेचं मला कळत नाही, सामी," अलमेलू म्हणाली. "चूक कुणाची, ते सांगा."

सेतुराम म्हणाला, "विहिरीतली माझ्या अण्णाची. तुम्हाला खोटं पाडलं ती माझी. तहसीलदार कचेरीतही मी हेच सांगणार आहे."

ती रडली नाही; माफ केलं असंही म्हणाली नाही. कामाक्षीच्या कोऱ्या कपाळाकडं तिनं पाहिलं, आत जाऊन चटई आणली आणि सावलीत पसरली. ब्राह्मणांच्या अग्रहारातली कामाक्षी पुढं झाली आणि त्या चटईवर बसली. अलमेलू तिच्या शेजारी, जमिनीवर.

"ती राख आणखी कुठं आहे, सामी?"

"सबंध मुलखात असावी. थर पूर्वेकडं उतरत जातात. नवी विहीर पूर्वेला आहे, तिथं ती जास्त खोल लागेल."

"तिथल्या माणसांना सांगितलंत?"

"सांगितलं. वीट आल्याशिवाय कुणी उतरायचं नाही, असं ठरलंय."

अलमेलूनं मान हलवली आणि भात वरखाली करायला उठली.

नव्या विहिरीत पांढरा थर सेतुरामच्या अंदाजापेक्षा थोडा वरच लागला. खणकरी थांबले. त्या पट्ट्याला वीट चढली, मगच पहार पुन्हा खाली गेली. पाणी लागलं तेव्हा वर एकच गलका झाला. खणकऱ्यांबरोबर खाली उतरलेला सेतुराम घोटाभर गढूळ पाण्यात उभा होता. वरून कुणीतरी हाक मारली, तेव्हा त्यानं वर यायला दोर धरला.