इंदरगंजच्या दुकानातली शिडी

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी शिडी आहे. इंदरगंजमधल्या साड्यांच्या दुकानात माझा सारा जन्म गेला. सुताराने मला तिथल्याच फरशीवर बसून, वरच्या फळीचं माप घेऊन घडवलं. त्यामुळे मी कधी आखूड पडले नाही, हे मी जरा ताठ मानेनेच सांगते.

दुकानाचा एक रिवाज होता. एकाने चढायचं, दुसऱ्याने खाली मला धरायचं. मंदाताई चढायच्या, वनमाला धरायची. वरून चंदेरी साड्यांचे गठ्ठे यायचे, खालून वनमालाच्या सासूबाईंच्या कागाळ्या वर जायच्या. दोघी हसू लागल्या की मीसुद्धा हलायचे.

पुढे मालकांनी इंदरगंजचं दुकान बंद करून दाल बाजारातल्या आपल्या दुसऱ्या दुकानात सामावून घ्यायचं ठरवलं. मॅनेजर महिपतराव म्हणाले, "दोघींपैकी एकीलाच तिकडे घेता येईल. दिवाळीनंतर बघू."

मंदाताईंच्या यजमानांचं बिर्लानगरच्या गिरणीतलं काम आधीच सुटलं होतं. वनमालाच्या पदरी दोन लहान मुली. दोघींचं हसणं त्या दिवसापासून संपलं. मदत मागितली तर आपण कमी पडतो असं दिसेल, या धास्तीने मंदाताई एकट्याच चढू लागल्या. माझा एक पाय झिजून सरकत होता. दोघींना ते ठाऊक होतं, पण तक्रार करून महिपतरावांच्या डोळ्यांवर कोण येणार?

एका दुपारी एक गिऱ्हाईक बाई म्हणाल्या, "दीदी, वो सबसे ऊपर वाली बैंगनी दिखाइए."

ती जांभळी साडी काढायला मंदाताई चढल्या आणि माझा पाय सटकला. वनमाला जवळच उभी होती. ती जागची हलली नाही. तो एक क्षण मी अजून विसरले नाही. मग मात्र ती धावली आणि तिने मला घट्ट धरलं.

"आराम से, ताई. मी पकडलंय."

उतरल्यावर मंदाताईंनी हळूच विचारलं, "तू बघत उभी होतीस ना गं?"

वनमालाला रडू फुटलं. "हो ताई. मनात आलं होतं."

"माझ्याही आलं असतं," मंदाताई म्हणाल्या आणि त्यांनी पदराने तिचे डोळे पुसले.

दिवाळीनंतर नाव आलं ते वनमालाचं. शेवटच्या संध्याकाळी मंदाताई पिशवी घेऊन दारात थांबल्या. "तिकडे चढण्याआधी कुणाला तरी हाक मार," त्या तिला म्हणाल्या. "लाजू नकोस. एकटी चढू नकोस, बस."

आता मी बंद शटरमागे भिंतीला टेकून उभी आहे. मित्रांनो, माझ्या पायाला रबराचा एक तुकडा ठोकला असता तरी पुरलं असतं. पण माणसं भ्याली की तेवढंसुद्धा मागत नाहीत. उद्या तुम्ही कुणाचे मालक झालात, तर आपल्या माणसांना इतकं भिऊ देऊ नका.