बूच लावलेलं ऊन

टक्.

दुपारच्या सामसुमीत बरणीचं झाकण उघडलं आणि आतल्या खोलीतून लगेच आवाज आला.

"पुन्हा उघडलीस?"

मार्त्सिया पेस्टोच्या, म्हणजे बाझिलच्या पाल्याच्या चटणीच्या, बरणीपाशी चमचा धरून जागच्या जागी उभी राहिली. लेक तेया जन्मल्यापासून घरात सगळेच तिच्या सासूला नोन्ना, म्हणजे आजी, म्हणत. नोन्ना डोळे मिटून पडलेली असली, तरी जेनोआतल्या कुठल्याही स्वयंपाकघरातलं झाकण तिला ऐकू येई.

"नुसतं बघत होते, नोन्ना. हिरवा आहे ना अजून."

"मी केलेला पेस्टो हिरवाच असतो. वर बोटभर तेल ओतलंय ते कशाला? हवा लागू नये म्हणून. आणि तू सकाळपासून तिसऱ्यांदा चमच्याने तेल बाजूला सारून बघतेयस. उद्या काळा पडला की म्हणशील, सासूला जमत नाही."

"असं कधी म्हटलं मी?"

"मनात म्हणतेस. लाव ते झाकण."

मार्त्सियाला हसू आलं. झाकण फिरवता फिरवता मात्र तिचा हात अर्ध्यावरच थांबला.

टेकडीवरच्या प्रयोगशाळेत तिच्याही बरण्या होत्या, करंगळीएवढ्या. त्यांत अल्कोहोलमध्ये टायटॅनियम ऑक्साइडचे स्फटिक तरंगत, डोळ्यांना न दिसण्याइतके बारीक. उन्हात ठेवलं की हे स्फटिक प्रकाश पकडत, त्याचा वीजभार पोटात धरून ठेवत, आणि पाण्यासारखी स्वच्छ कुपी निळी होई. हवा शिरली की निळाई गेली. म्हणून वर रबरी बूच. कुपी तीन दिवस अंधारात निळी राहते आणि तिच्यातलं साठवलेलं दुसऱ्याला देता येतं, एवढंच दाखवायचं होतं. तीनदा करून झालं. तिन्ही वेळा दुसऱ्याच दिवशी रंग उतरला. आज गुरुवार. गटप्रमुख गालेआत्सीने येत्या सोमवारची शेवटची मुदत दिली होती. त्या दिवशीही निळं दिसलं नाही, तर हे काम बंद आणि तिची उन्हाची खिडकी दुसऱ्या कुणाची.

आणि ती दर चार तासांनी बुचात सुई खुपसून थेंब काढत होती. आलेखावर ठिपके हवेत म्हणून. सुई काढली की रबर आपोआप मिटतं, असं तिथे सगळेच धरून चालत. पहिल्या टोचणीला मिटत असेलही; दहाव्या टोचणीला?

तिला सकाळची बालवाडी आठवली. तेयाचे रुळण्याचे दिवस चालले होते: पहिल्या दिवशी आई तासभर जवळ बसते, मग अर्धा तास, मग पापा घेऊन निघते. मार्त्सिया निघत असे, आणि बागेला वळसा घालून खिडकीशी परत येत असे. आत रडारड सुरू.

"तेया नाही रडत हो," ब्रूनाबाई आज फाटकापर्यंत येऊन म्हणाल्या होत्या. "तुमचं नाक काचेला चिकटलेलं दिसलं की रडते. तोवर ती मजेत चिखलाचा पाव भाजत असते."

मार्त्सियाने झाकण घट्ट लावलं.

शुक्रवारी तिने दोन कुप्या नव्या बुचांनी बंद केल्या आणि खिडकीत ठेवल्या. दुपारपर्यंत दोन्ही गडद निळ्या झाल्या. फॉइलमध्ये गुंडाळून तिने त्या खणात ठेवल्या आणि सुयांचा डबा गालेआत्सीच्या टेबलावर नेऊन आदळला.

"हे काय?"

"सोमवारपर्यंत तुमच्याकडे ठेवा. मी टोचणार नाही."

"मग मधले आकडे?"

"नसतील."

"आणि रंग उतरला तर तो कधी उतरला, हेही कळायचं नाही."

"नाही कळणार."

गालेआत्सीने डबा उघडून बघितला, बंद केला. "मार्त्सियाने सुई खाली ठेवली. कुणीतरी तारीख लिहून ठेवा रे!"

शनिवारी प्रयोगशाळेत जायला तिने दोनदा कोट घातला. दुसऱ्यांदा नोन्नाने तुळशीसारख्या वासाची बाझिलची जुडी तिच्या पुढ्यात टाकली. मार्त्सिया कोट घालूनच पानं खुडत बसली. रविवारी तेयाने तिच्या पोटावर डोकं ठेवून झोप काढली, म्हणून उठताच आलं नाही. बरंच झालं.

सोमवारी बालवाडीच्या दारात तेयाचा पापा घेऊन ती निघाली. बागेच्या वळणावर मान आपसूक वळू लागली, तेव्हा तिने पिशवीचा पट्टा दोन्ही हातांनी आवळला आणि सरळ बसथांबा गाठला.

खण उघडताना गालेआत्सी पाठीशी येऊन उभा होता. तिने एका कुपीचं फॉइल सोडलं.

निळी. शुक्रवारइतकीच निळी.

गालेआत्सीने सुयांचा डबा दोन्ही हातांत धरून, लग्नात अंगठ्या आणतात तसा, पुढे केला. मार्त्सियाने एकच सुई घेतली आणि वीजभार मिळाला की रंग बदलणाऱ्या दुसऱ्या द्रवाचा पिवळा थेंब बुचातून आत सोडला. स्फटिकांनी धरून ठेवलेलं त्याला देऊन टाकलं. थेंब उतरत गेला तसा हिरवा होत गेला आणि निळाई ओसरली.

"घेतलं! घेतलं त्याने!" गालेआत्सी ओरडला आणि पन्नाशी उलटलेला तो माणूस मार्त्सियाला दोन्ही गालांवर पापे देऊन पळत सुटला. पूर्ण मजल्यासाठी फोकाच्चा, तो तेलात माखलेला चपटा पाव, आणायला.

चारला तिने तेयाला बालवाडीतून तिथेच आणलं. तेया रडली नव्हती; कानामागे चिखल होता. तेलकट बोटांनी फोकाच्चा खात ती टेबलाशी उभी राहिली. दुसरी कुपी समोर होती, न टोचलेली.

"ह्यात काय आहे?"

"शुक्रवारचं ऊन."

तेयाने काचेला नाक लावलं. "एकटंच होतं? खणात?"

"हो."

"रडलं नाही?"

"नाही. अजिबात नाही."

तेयाने समजुतीने मान हलवली. मग तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि आईचं बोट धरलं.

"मग ह्याला न्यायला कोण येणार?"