देव अजून पाण्यातच आहेत

मी घंगाळ बोलतंय. तांब्याचं, हातभर रुंदीचं. जरा जवळ येऊन ऐका, सध्या माझ्या पोटात देव आहेत, मला मोठ्यानं बोलवत नाही.

जन्म माझा पुण्याच्या तांबट आळीतला. संध्याताईंनी मला साड्यांत गुंडाळून अमेरिकेत, बॉथेलला आणलं. इथे नळालाच गरम पाणी, घंगाळाला कोण विचारतं? कित्येक वर्षं मी दाराशी ओल्या छत्र्या सांभाळल्या.

मग त्यांची लेक अबोली पार्लमेंटच्या निवडणुकीला उभी राहिली. इथल्या नव्हे, इंग्लंडच्या. शिकायला गेली ती तिथलीच झालेली. संध्याताईंनी मला चिंच-मीठ लावून घासलं, देव्हाऱ्यातले गणपती, अन्नपूर्णा, बाळकृष्ण माझ्यात ठेवले आणि वर पाणी ओतलं.

"अबोली निवडून येईपर्यंत देव बाहेर काढणार नाही."

"अगं, तिथे मतं माणसं देतात," त्यांचे यजमान प्रतापराव हसले.

"आणि माणसांना बुद्धी कोण देतं?"

रोज सकाळी माझं पाणी बदलताना त्या फोनवर प्रचाराच्या गमती ऐकत. ना भोंगे, ना जीपगाड्या. उमेदवारानंच दारोदार फिरायचं, दाराच्या फटीतून पत्रकं सरकवायची. "आई, आतून कुत्रं बोट पकडतं गं!" अबोली सांगायची आणि दोघी खळखळून हसायच्या.

एका सकाळी ती हसली नाही. तिच्याच दाराच्या फटीतून कुणीतरी पाकीट टाकलं होतं. आत पत्र नव्हतं. तिची सात वर्षांची अनिका शाळेच्या फाटकातून बाहेर पडतानाचा फोटो होता, बस्स.

"नाव मागे घे, बाळा."

"डेडलाइन गेली, आई. आणि मी घेणारही नाही."

निकाल लागला तेव्हा तिकडे पहाट होती, आमच्याकडे संध्याकाळचं ऊन. पडद्यावर सगळे उमेदवार एका रांगेत उभे. त्यातला एक तर चक्क कोंबड्याच्या वेषात! अबोली दोनशे बारा मतांनी आली. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. तिच्यामागे उभे असलेले दोन पोलीस मात्र टाळ्या वाजवत नव्हते. ते गर्दीकडे बघत होते.

"काढ आता देव," प्रतापराव डोळे पुसत म्हणाले.

संध्याताईंनी पाण्यात हात घातला आणि तो तसाच राहिला. "अहो, मी नुसतं निवडून येऊ दे म्हणाले. सुखरूप ठेव म्हणायचं राहूनच गेलं."

म्हणून देव अजून पाण्यात आहेत.

पार्लमेंटातल्या आरडाओरड्याला त्या भीत नाहीत. "एवढी शिकलेली माणसं, आणि वर्गात बाई नसल्यासारखी ओरडतात!" म्हणत साबुदाणा भिजवतात. भीती असते ती शुक्रवारची. शुक्रवारी अबोली आपल्या गावच्या वाचनालयात बसते. कुणीही यावं, गाऱ्हाणं मांडावं. दार उघडंच असतं. घरी गेल्यावर ती 'पोचले' असा मेसेज टाकते, तोवर संध्याताई चहाही घेत नाहीत.

आज शुक्रवार. रोजची वेळ टळून गेलीय. प्रतापराव म्हणतात, "ट्रॅफिक असेल." देव करो, तेवढंच असो.

तिकडच्या माणसांनो, तिच्याशी भांडा, पुढल्या खेपेला मत देऊ नका. पण ती घरी निघाली की तिला वाट द्या. इथे एक आई माझा काठ धरून उभी आहे, आणि तिचा हात थरथरला की पाण्यातले देवसुद्धा हलतात.